वसतिगृहातील ‘बंधुत्व’ : पालकांनी काय जाणून घ्यावे?

बारावीचे निकाल लागले की घराघरांत महाविद्यालयीन प्रवेशाची धावपळ सुरू होते. गुणपत्रिका, दाखले, शुल्क, वसतिगृहातील जागा या सर्व गोष्टींची पालक जातीने काळजी घेतात. मात्र आपला मुलगा किंवा मुलगी तेथे कोणाच्या सहवासात राहणार आणि त्या सहवासात सामावून घेण्यासाठी त्यांच्याकडून कोणती किंमत मागितली जाणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या लेखात आम्ही त्याच प्रश्नाकडे पालकांचे लक्ष वेधू इच्छितो.

भायखळ्यात राहणाऱ्यांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. १८४५ साली स्थापन झालेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि सर जे. जे. रुग्णालय आपल्या परिसरातच आहे. थोड्याच अंतरावर, मुंबई सेंट्रल येथे, महानगरपालिकेचे नायर रुग्णालय व त्याला जोडलेले टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेली मुले येथील वसतिगृहांत राहतात. तशीच आपली मुलेही शिक्षणासाठी परगावी जातात.

याच नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी या २६ वर्षांच्या तरुणीने आपले जीवन संपविले. जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल या आदिवासी समाजातून आलेली ही मुलगी स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून तिचा सतत अपमान व छळ केला, असा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला. आपण याविषयी आधीच तक्रार केली होती, असेही त्यांनी सांगितले. तीन महिला डॉक्टरांना अटक झाली व पुढे त्यांना जामीन मिळाला. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आम्ही त्यात पडू इच्छित नाही. परंतु सुशिक्षित, कर्तबगार, पदवीधर मुलगीही वसतिगृहात किती एकटी पडू शकते, याची जाणीव या घटनेने महाराष्ट्राला करून दिली. ‘रॅगिंग म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांची चार दिवसांची गंमत’ ही समजूत आता तरी आपण सोडून द्यावयास हवी.

रुग्णालयातील शिक्षणात वरिष्ठांच्या हाती बरेच काही असते. कोणाला किती तास काम द्यायचे, कोणाला शस्त्रक्रियागृहात उभे राहू द्यायचे, कोणाला शिकवायचे आणि कोणाला टाळायचे, हे अनेकदा एकदोन वर्षे पुढे असलेला विद्यार्थीच ठरवितो. अशा ठिकाणी छळाविरुद्ध बोलणे म्हणजे आपले शिक्षणच पणाला लावणे होय, असे कनिष्ठाला वाटते. तो गप्प राहतो, आणि त्याच्या मौनावरच ही प्रथा पोसली जाते.

ही वृत्ती केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत शिकावयास जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी ‘फ्रॅटर्निटी’ आणि ‘सोरोरिटी’ हे दोन शब्द ऐकले असतील. लॅटिन भाषेत ‘फ्रातेर’ म्हणजे भाऊ आणि ‘सोरोर’ म्हणजे बहीण. विद्यार्थ्यांच्या या बंधुसभा व भगिनीसभा बहुधा ग्रीक अक्षरांच्या नावांनी ओळखल्या जातात. त्यांतील पहिली, ‘फाय बीटा कॅपा’, १७७६ साली व्हर्जिनिया राज्यातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झाली. आज ती विद्वानांची मान्यवर संस्था आहे. इतर अनेक सभा सदस्यांना राहावयास घर, अभ्यासात साहाय्य, समाजकार्याची संधी आणि पुढे नोकरीसाठी ओळखी मिळवून देतात. परक्या देशात एकाकी असलेल्या मुलाला त्यांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु पूर्ण सदस्यत्व मिळण्यापूर्वी नवागताला काही काळ उमेदवारी करावी लागते. काही सभांत या काळात नियमबाह्य ‘परीक्षा’ घेतल्या जातात. २०१७ साली पेन्सिल्वेनिया स्टेट विद्यापीठातील टिमथी पियाझा हा १९ वर्षांचा विद्यार्थी अशाच एका रात्री मृत्युपंथाला लागला. त्याला भरमसाट मद्य पाजण्यात आले, तो जिन्यावरून पडला, आणि त्याच्या ‘बांधवांनी’ मदत बोलाविण्यास सुमारे बारा तास लावले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत या छळाविरुद्ध राष्ट्रीय कायदा झाला. त्यानुसार महाविद्यालयांनी अशा घटनांची आकडेवारी व दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. मुलाला परदेशी पाठविणाऱ्या पालकांनी ही माहिती अवश्य पाहावी.

ज्याने स्वतः छळ सोसला, तोच पुढच्या वर्षी दुसऱ्याचा छळ का करतो? एलियट अॅरॉन्सन व जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका चर्चागटात प्रवेश मिळविण्यासाठी काही विद्यार्थिनींना लाजिरवाण्या चाचणीतून जावे लागले. इतरांना सहज प्रवेश मिळाला. गटातील चर्चा मुद्दाम कंटाळवाणी ठेवली होती. तरीही ज्यांना जास्त संकोच सोसावा लागला, त्यांनाच तो गट अधिक मोलाचा वाटला. ज्यासाठी आपण एवढे सोसले ते क्षुल्लक होते, हे मान्य करणे माणसाला जड जाते. म्हणूनच ‘आम्हीही हे सहन केले, त्यानेच आम्ही घडलो’ असे म्हणत अपमानाची ही वारसदारी पुढे चालू राहते.

आता कायद्याविषयी. ‘महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम’ १९९९ पासून लागू आहे. या कायद्यात केवळ मारहाणच नव्हे, तर मानसिक इजा, भीती, लाज वा संकोच निर्माण करणारे वर्तन आणि एरवी स्वेच्छेने न केली जाणारी गोष्ट करावयास सांगणे, हेही रॅगिंगच मानले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. दोषी विद्यार्थ्याला महाविद्यालयातून काढून टाकले जाते व पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही.

पालकांसाठी त्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी की, लेखी तक्रार विद्यार्थ्यानेच करावी असे नाही. पालकही ती करू शकतात. संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी केली पाहिजे. तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठविली पाहिजे. याकडे दुर्लक्ष करणारा प्रमुख स्वतःच गुन्ह्याला साहाय्य करणारा ठरतो. म्हणून तक्रार नेहमी लेखी द्यावी, तारीख घालावी आणि पोच घ्यावी. तोंडी विनवणीचा पुरावा राहत नाही.

मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात अमन काचरू या १९ वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. त्यांनुसार १८००-१८०-५५२२ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास तक्रार करता येते, आणि माहिती देणाऱ्याची ओळख सुरक्षित ठेवणे संस्थेवर बंधनकारक आहे. विद्यार्थी व पालक या दोघांनाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. प्रवेशाच्या गर्दीत अनेक पालक न वाचताच त्यावर सही करतात. आमची विनंती आहे की, ते घरी मुलासोबत बसून वाचावे.

कायद्याइतकेच महत्त्वाचे आहे ते घरातील संभाषण. ‘रॅगिंग होते का?’ असे विचारल्यास ‘नाही, सगळे ठीक आहे’ असेच उत्तर येईल. त्याऐवजी जेवायला कोणासोबत बसतोस, वरिष्ठ तुला कोणत्या नावाने हाक मारतात, रात्री किती वाजता झोपतोस, असे साधे प्रश्न विचारावेत. फोनवरचे बोलणे अचानक तुटक होणे, कारण न सांगता वारंवार पैसे मागणे, सुटीनंतर वसतिगृहात परतण्यास टाळाटाळ करणे, ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. आणि मूल बोलू लागले तर ‘थोडे सोस, वर्ष निघून जाईल’ असे कधीही म्हणू नये. त्याच्या बोलण्यात निराशा जाणवल्यास विलंब न करता त्याच्याकडे जावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यासाठी मदत मिळते.

येथे आणखी एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. आपण सारे आपले मूल बळी ठरू नये म्हणून चिंता करतो. परंतु छळ करणारी मुलेही कोणाच्या तरी घरचीच असतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलाला ‘नव्या मुलांशी तू कसा वागतोस?’ असे किती पालक विचारतात? कोणाची जात, भाषा, गाव, रंग किंवा गरिबी हा आपल्या घरात विनोदाचा विषय असेल, तर मुले तोच विनोद वसतिगृहात घेऊन जातात.

विद्यार्थ्यांचे बंधुत्व निराळेही असू शकते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा अवघा वीस वर्षांचा विद्यार्थी आपल्या काही सोबत्यांसह एकत्र आला. त्यांनी नवागताची परीक्षा घेतली नाही. ते गरिबांच्या घरी लाकूडफाटा व अन्न घेऊन गेले. त्यातूनच आपल्या धर्मग्रामांना परिचित असलेली संत व्हिन्सेंट दि पॉल संस्था उभी राहिली. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानाम यांना धन्यवादित घोषित केले. आज या संस्थेकडे आपण वडीलधाऱ्यांचे कार्य म्हणून पाहतो, पण तिचा जन्म महाविद्यालयीन मित्रांच्या मेळ्यात झाला, हे आपल्या तरुणांना सांगावयास हवे.

मुलांना मित्र हवेत, संघटना हव्यात, आपलेपणा हवा. तो नाकारणे शहाणपणाचे नाही. मात्र कोणत्याही गटात पाऊल टाकण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावयास त्यांना शिकवावे : येथे जे घडते ते मला घरी सांगता येईल का? आणि उद्या मला हा गट सोडावासा वाटला, तर निर्भयपणे सोडता येईल का? यांपैकी एकाचे जरी उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या गटाचे नाव काहीही असो, ते बंधुत्व नव्हे.