वतन, विसार आणि ख्रिस्ती आशा

मराठी बायबलच्या नव्या करारात भविष्याविषयीची आशा 'वतन' या शब्दाने सांगितली आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांसाठी कधीही नाश न पावणारे वतन स्वर्गात राखून ठेवल्याचे आश्वासन आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वतन हा शब्द मी आजोबांच्या तोंडून ऐकला तो येसकराच्या काठीसकट. तुकडाभर जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात सबंध घराने गावाची नि सरकारची वेठ रात्रंदिवस वाहायची, हे आमचे वतन. ते मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही कनिष्ठ वतने संपली ती १९५८ च्या कायद्याने. मग ज्या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवले, त्या शब्दात आशा कशी सांगता येईल?

उत्तरासाठी मूळ कल्पनेकडे गेले पाहिजे. 'क्लेरोनोमिया' या ग्रीक शब्दाचा अर्थ वारशाने मिळालेला वाटा. त्यामागे जुन्या करारातील कथा आहे : मिसरच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएलच्या वंशांना चिठ्ठ्या टाकून जमीन वाटून दिली गेली. ही जमीन कनानी लोकांची होती, हेही विसरता कामा नये. तरीही कालच्या गुलामाला स्वतःची भूमी मिळणे, हा या शब्दाचा गाभा आहे.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आध्यात्मिक आशीर्वादांची मालिकाच येते : देवाने केलेली निवड, दत्तक पुत्रपण, मुक्तता, पापांची क्षमा, पवित्र आत्म्याचा शिक्का. यातले दत्तक, मुक्तता, शिक्का हे शब्द कचेरीतले आणि बाजारातले आहेत. रोमन कायद्यात गुलाम गुलाम असेतो कुणाचा वारस होऊ शकत नसे. अशा माणसाला 'तू पुत्र आहेस, वारस आहेस' असे सांगणे ही साधी गोष्ट नव्हती.

याच अध्यायात पवित्र आत्म्याला त्या वतनाचा विसार म्हटले आहे. बैलबाजारात विसार म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. किमतीचा काही भाग रोख हातावर पडतो, तेव्हाच उरलेल्या रकमेचा भरवसा धरता येतो. म्हणजे आध्यात्मिक आशीर्वाद हा भविष्याचा आजच चुकता झालेला हिस्सा आहे. शिवाय नव्या कराराची अंतिम आशा निव्वळ आत्म्याने स्वर्गात जाण्याची नाही. ती देहाच्या पुनरुत्थानाची आणि नव्या पृथ्वीची आहे. भाकरी, देह, जमीन यांना त्या आशेतून वगळता येत नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. याच दोन्ही पत्रांत दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असा उपदेश आहे. अमेरिकेतील मळेवाल्यांनी गुलामांपुढे तोच वाचून दाखवला. गुलामांनी मात्र मिसरमधून सुटकेची कथा उराशी धरली. आपल्याकडे अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या व्याख्यानापासून दलित ईश्वरविद्येची चर्चा सुरू झाली. तिला कारणही होते. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांना मेल्यावरही वेगळ्या दफनभूमीत जावे लागले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना दोन्ही वेळा वगळले गेले.

म्हणून ख्रिस्ती आशेची कसोटी तिच्याच शब्दाने घ्यावी : विसार कुठे आहे? प्रभुभोजनाच्या मेजाजवळ, दफनभूमीत, मिशनच्या शाळेच्या व्यवस्थापनात समान वाटा आज दिसत असेल, तर पुढच्या वतनाविषयी बोलण्याचा अधिकार चर्चला आहे. तो दिसत नसेल, तर सौदा झालाच नाही असे समजावे आणि तसे चर्चला स्पष्ट सुनवावे.