शोध घेण्याची शिस्त

आंतरजालावर माहिती शोधणे हाही अभ्यासाचाच एक भाग होय. समजा, लोणंद परिसरातील एखाद्या शिक्षकास आपल्याच सातारा जिल्ह्यात १९५९ साली सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचा अभ्यास करावयाचा आहे. नुसते ‘शिक्षण’ असे लिहिल्यास असंख्य निरुपयोगी पाने समोर येतील. म्हणून प्रथम प्रश्न निश्चित करावा : या मोहिमेत प्रौढांस साक्षर कोणी व कसे केले? नंतर “ग्रामशिक्षण मोहीम” हे शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत लिहून जोडीस ‘सातारा’ व ‘१९५९’ द्यावे. अवतरणचिन्हांमुळे ते शब्द त्याच क्रमाने असलेली पाने मिळतात. लेखनभेदामुळे उपयुक्त पान निसटू नये, यासाठी ‘ग्राम शिक्षण’, ‘मोहिम’ ही रूपे व रोमन लिपीतील रूपही योजून पाहावे. मिळालेला मजकूर कोणी व केव्हा लिहिला हे पाहावे आणि वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशासारख्या आधाराशी तो ताडावा.

तथापि आपल्या गावी त्या काळी कोण अक्षर शिकले, हे आंतरजालावर बहुधा सापडणार नाही. ते शाळेच्या जुन्या दप्तरात व वृद्धांच्या स्मरणात आहे. ती मंडळी आहेत तोवर ते टिपून ठेवणे, हे काम शिक्षकाखेरीज दुसरे कोण करणार?