एका वळूमुळे सव्वापाच लाख गाभ पडले, तरी तो फायद्याचाच ठरला, असं कसं?

१९६२ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात होल्स्टिन जातीचा एक वळू जन्माला आला. नाव होतं पॉनी फार्म अर्लिंडा चीफ. होल्स्टिन म्हणजे आपल्याकडे ज्याला 'एचएफ' म्हणतात तीच काळी-पांढरी, भरपूर दूध देणारी जात. चीफला १६ हजार मुली झाल्या, पाच लाखांवर नाती झाल्या आणि पणत्यांचा आकडा २० लाखांच्या पुढे गेला. अमेरिकेतल्या होल्स्टिन गाईंच्या जनुकांमध्ये आज सुमारे १४ टक्के वाटा या एकट्या वळूचा असल्याचं मानलं जातं.

पण दुधासोबत चीफने आणखी एक गोष्ट वारशात दिली. ती कळायला जवळपास ५० वर्षं गेली.

एका वळूची एवढी संतती कशी?

नैसर्गिक पद्धतीत वळू वर्षाला मोजक्याच गाई गाभण करू शकतो. कृत्रिम रेतनाने हे गणित बदललं. वळूकडून एकदा घेतलेल्या वीर्यापासून शेकडो रेतमात्रा तयार होतात. १९४९ साली ब्रिटनमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्लिसरॉल वापरलं तर शुक्रजंतू गोठवूनही जिवंत राहतात, हे आढळलं. आता या मात्रा द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षं टिकतात. वळू मेला तरी त्याची वासरं जन्मत राहतात.

वळू स्वतः दूध देत नाही. त्यामुळे तो चांगला की वाईट, हे त्याच्या मुलींच्या दुधावरून ठरतं. चीफच्या मुली दुधाला जबरदस्त निघाल्या. साहजिकच सगळ्यांना चीफचंच रेत हवं होतं आणि पुढे त्याच्या मुलांचंही.

मग बिघडलं कुठे?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. चीफच्या 'एपीएएफ-१' नावाच्या जनुकाची एक प्रत सदोष होती. गर्भ वाढताना नको असलेल्या पेशी ठरलेल्या वेळी काढून टाकाव्या लागतात. त्या कामातलं एक प्रथिन या जनुकावरून बनतं. सदोष प्रतीत हे प्रथिन अर्धवटच तयार होतं.

दुसरी प्रत चांगली असल्यामुळे चीफला काहीच त्रास नव्हता. अशा जनावराला 'वाहक' म्हणतात. वाहक वळू निरोगी गाईला दिला, तर एकही गर्भ यामुळे दगावत नाही. फक्त निम्मी वासरं वाहक होतात. अडचण येते ती वळू आणि गाय दोघंही वाहक असतील तेव्हा. मग चारपैकी एका गर्भाला दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता असते आणि असा गर्भ पोटातच मरतो.

चीफचं रक्त सगळीकडे पसरल्यावर त्याच्या नाती-पणत्यांना त्याच्याच वंशातले वळू दिले जाऊ लागले. दोन वाहक समोरासमोर येण्याचं प्रमाण वाढत गेलं.

हे इतकी वर्षं लक्षात का आलं नाही?

गाय गाभडण्याची किंवा उलटण्याची कारणं अनेक असतात. माजाची वेळ चुकणं, निकृष्ट चारा, जंतुसंसर्ग, उष्णतेचा ताण. त्या गर्दीत हे कारण दडून राहिलं. शिवाय मेलेलं वासरू कुठल्याच नोंदवहीत येत नाही.

शेवटी शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. २०११ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी हजारो होल्स्टिन जनावरांच्या डीएनएची माहिती तपासली. डीएनएचा एक तुकडा असा सापडला, की त्याची एक प्रत असलेली जनावरं भरपूर होती, पण दोन प्रती असलेलं एकही नव्हतं. हिशेबाप्रमाणे ती असायला हवी होती. म्हणजे ती जन्मालाच येत नव्हती. माग काढत गेल्यावर सगळे धागे चीफपाशी पोहोचले. नेमका दोष कोणत्या जनुकात आहे, ते २०१६ साली प्रसिद्ध झालं.

त्याच अभ्यासातल्या अंदाजानुसार ३५ वर्षांत जगभरात सुमारे ५ लाख २५ हजार गाभ यामुळे पडले आणि ४२ कोटी डॉलरचं नुकसान झालं. मात्र चीफच्या जनुकांमुळे वाढलेल्या दुधाची किंमत ३० अब्ज डॉलर, म्हणजे नुकसानीच्या सुमारे ७० पट निघाली.

म्हणजे झालं ते ठीकच?

डेअरी उद्योगाच्या एकूण हिशेबात तसं दिसतं. पण ज्याच्या गोठ्यात चारच गाई आहेत आणि त्यातली एक पाचव्या महिन्यात गाभडते, त्याचं अख्खं वेत वाया जातं. त्याला जागतिक सरासरीचा उपयोग नसतो.

चांगली गोष्ट अशी, की आता डीएनए चाचणीने वाहक जनावर ओळखता येतं. वाहक वळू बाद करावाच लागतो असंही नाही. दोन वाहकांचा संकर टाळला तरी गर्भ वाचतात. भारतातही एचएफ वळूंची 'बीएलएडी'सारख्या इतर आनुवंशिक दोषांसाठी तपासणी केली जाते.

हा प्रश्न फक्त एचएफचा नाही. खिल्लार, देवणी, डांगी किंवा गीर, कोणत्याही जातीत मोजकेच वळू सतत वापरले तर लपलेले दोष वर येऊ शकतात. जातीची संख्या जितकी कमी, तितका धोका जास्त. आणि या दोषाचा दुधाच्या गुणवत्तेशी संबंध नाही. वाहक गाईचं दूध इतर गाईंसारखंच असतं.

पशुपालकांनी काय करावं?

रेतन करताना वळूचा क्रमांक विचारून लिहून ठेवावा. तो रेतमात्रेच्या नळीवर छापलेला असतो. ज्या वळूपासून कालवड झाली, तोच वळू त्या कालवडीला देऊ नये. ही नोंद ठेवायला खर्च शून्य येतो. नोंदच नसेल तर पुढच्या वेळी बापलेकीचा संकर होतोय की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.