"कार्यक्रम कायचा आहे?" : वऱ्हाडातले एकटे गाणारे

अमरावती-अकोल्याकडं एकट्याच्या नावावर कार्यक्रम करणाऱ्या गायकाला "तुम्ही कोणत्या प्रकारचं गाता?" असं विचारून पाहा. उत्तराच्या आधी बहुधा प्रश्नच येतो : "कार्यक्रम कायचा आहे?" साक्षगंध आहे की तेरवी, भागवत सप्ताहातली रात्र आहे की भीमजयंती, कुणाची सेवानिवृत्ती आहे की नातवाचा पहिला वाढदिवस, हे कळल्याशिवाय तो आपल्या गाण्याबद्दल बोलत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही टाळाटाळ वाटेल. मला त्यात त्या गायकाची पुरी जाण दिसते. कोणासमोर, कुठल्या वेळी, कशासाठी गायचं यावर त्याची चाल, ठेका, भाषा आणि गाण्यांचा क्रम ठरतो. प्रसंग कळला की मग तो जे सांगतो, ते इतकं नेमकं असतं की ऐकणाऱ्यानं लिहून घ्यावं. अडचण अशी की ते कोणी लिहून घेत नाही. पत्रकावर, अर्जावर, फलकावर त्याच माणसाची ओळख 'सर्व प्रकारची गाणी' एवढ्यावर येऊन थांबते.

एकटा म्हणजे मंचावर दुसरं कोणी नसतंच असं नाही. ढोलकीवाला असतो, तबलजी असतो, कधी पेटीवाला असतो. पण तारीख एकाच्या नावावर लागते, इसार तोच घेतो, पत्रिकेत नाव त्याचंच छापतात आणि साथीदारांच्या हातावर त्या रात्रीचे पैसे तोच ठेवतो. कार्यक्रम रंगला नाही तर बोलही त्यालाच. अशा गाणाऱ्यांचे वऱ्हाडात तीन-चार ठळक प्रवाह आहेत आणि प्रत्येकाची स्वतःबद्दल सांगायची रीत निराळी आहे.

सगळ्यांत जुनी आणि भक्कम रीत खंजिरीवाल्यांची. ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांपासून आली. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे हातात खंजिरी घेऊन गावोगाव फिरले, ती खंजिरी त्यांच्याबरोबर १९४२ च्या आंदोलनात गेली आणि १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत पोचली. त्यांनी मराठीतही भजनं लिहिली आणि हिंदीतही. त्यांच्या भजनांची छापील पुस्तकं उघडून पाहिली तर पुष्कळ भजनांच्या डोक्यावर 'चाल' किंवा 'तर्ज' असं लिहून कुठल्या तरी ओळखीच्या गाण्याचा निर्देश केलेला दिसतो. गाण्याचा प्रकार सांगायची गरज त्यांना पडली नाही. चाल सांगितली की खेड्यातल्या माणसाला ते उचलता येत होतं, आणि महाराजांना तेवढंच हवं होतं. १९६८ साली मोझरीला त्यांचं निर्वाण झालं. त्यानंतर गावागावांतल्या श्रीगुरुदेव सेवा मंडळांनी सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजन चालू ठेवलं. विदर्भात आजही खंजिरी भजन स्पर्धा होतात आणि पुष्कळ एकटे गाणारे तिथूनच घडून बाहेर पडतात.

म्हणून या भागातला गायक जेव्हा "आपलं खंजिरीचं काम हाय, बाप्पा. राष्ट्रसंताचे भजनं म्हनतो," एवढंच म्हणतो, तेव्हा त्यात बरंच काही आलेलं असतं. सुरुवात प्रार्थनेनं होईल. मधे व्यसनावर, हुंड्यावर, गावच्या स्वच्छतेवर चार शब्द येतील. हिंदी भजन आलं तरी कोणाला खटकणार नाही. अचकटविचकट फर्माईश चालणार नाही. साउंडवाल्याशी भांडायची वेळ येणार नाही, कारण माइक नसला तरी काम भागतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले आणि ऑर्केस्ट्रावाल्यांची पंचाईत झाली. खंजिरीवाला मात्र आजही सांगतो, "माइकशिवायबी जमते आपल्याले."

खंजिरी हे वाद्य जवळून पाहण्यासारखं आहे. लाकडाचं वीतभर कडं, एका तोंडाला ताणलेलं कातडं, कड्याच्या खाचांत पितळेच्या चकत्या. पूर्वी घोरपडीचं कातडं चढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद झालं. आता शेळीचं कातडं किंवा फायबरचं पान असतं. कातड्याची खंजिरी थंडीच्या रात्री दवानं सैलावते, आवाज बसतो. मग भजनाच्या मधे वादक ती शेकोटीपाशी नेतो, हळूहळू शेकतो, बोटानं टिचकी मारून ऐकतो. फार चढली तर पाण्याचं बोट फिरवून उतरवतो. फायबरला यातलं काही लागत नाही. तरी जुना वादक स्वतःची ओळख देताना "कातड्याची वाजवतो" हे आवर्जून सांगतो, आणि त्याचं ते सांगणं मला शैलीचंच वर्णन वाटतं. हाताखालच्या नादाची त्याला जी ओढ आहे, ती त्यात आली.

याच मातीत गाडगेबाबांचं कीर्तन झालं. शेंडगावला १८७६ साली जन्मलेल्या डेबूजींनी कीर्तनाचं सगळं जडजवाहीर बाजूला ठेवलं आणि समोरच्या माणसाला वऱ्हाडीत प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९५६ साली, निधनाच्या थोडं आधी, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ते ऐकल्यावर कळतं की लय त्यांच्या बोलण्यातच होती. प्रश्न, लोकांचं उत्तर, पुन्हा प्रश्न, मग नामाचा गजर. तुकडोजींची खंजिरी आणि गाडगेबाबांचे प्रश्न एकत्र आले की आजचा 'प्रबोधनकार' तयार होतो. अकोला जिल्ह्यातल्या अकोटचे सत्यपाल महाराज हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. एक माणूस सात खंजिऱ्या एकाच वेळी वाजवतो, गातो, नकला करतो, हसवतो आणि हसता हसता अंधश्रद्धेवर बोलतो. सत्यपाल महाराजांच्या नावाआधी 'सप्तखंजेरीवादक' हे बिरुद लागतंच. त्यात वाद्य आलं, संख्या आली, कसब आलं. त्यांच्या मार्गानं जाणाऱ्या कितीतरी तरुणांनी आपल्या नावाला 'पाल' जोडून घेतलं आहे. गायकानं आपलं घराणं थेट नावातच मिरवावं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पत्रकावर नाव वाचताच गावकऱ्याला कळतं की आज काय ऐकायला मिळणार.

पट्टीचं, म्हणजे कुठल्या सुरापासून गायचं याचं बोलणं, हा या ओळखीचा दुसरा भाग. बाहेरच्या श्रोत्याला त्याचा पत्ता नसतो. नवा पेटीवाला भेटला की गायक आधी "काळी दोन" किंवा "पांढरी चार" एवढंच सांगतो आणि दोघांचं जुळतं. बाईंचा आवाज काळी चार-पाचला असेल तर पुरुषांच्या भजनात त्यांना खाली ओढून गावं लागतं. म्हणून महिला भजन मंडळातून पुढं येऊन एकट्या कार्यक्रम करणाऱ्या बाया पट्टी आधीच ठणकावून सांगतात. त्याबरोबर त्या वेळही सांगतात : कार्यक्रम किती वाजता संपेल आणि परत सोडायला कोण येईल. गाण्याच्या ओळखीत ही माहिती धरत नाहीत, पण तारीख घ्यायची की नाही हे तिच्यावरच ठरतं.

आणि वही. भजनाच्या गायकाचा खरा संग्रह त्याच्या वहीत असतो. लांबट हिशेबाची वही, कडा मळलेल्या, पहिल्या पानावर गणपती. त्यातली विभागणी पाहिली तर या लेखाचा मुद्दा हातात येतो. राग नाही, कवीचं नावही नेहमी नाही. 'गौळणी', 'तेरवीची', 'गजानन महाराजांची', 'काल्याची', 'शेवटची भैरवी'. गाण्याच्या बाजूला कोपऱ्यात चाल. काही ओळींखाली रेघ, म्हणजे तिथं लोकांना म्हणायला लावायचं. कोणी एक पान फाडून नेलं तर माणूस महिनाभर अस्वस्थ असतो.

भीमगीतांच्या गायकाची भाषा वेगळी. त्याचे मुख्य दिवस ठरलेले : १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, आणि दसऱ्याच्या सुमाराचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, जो अकोल्यात मोठ्या उत्साहानं होतो. हा गायक सांगताना कवीपासून सुरुवात करतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मूळचे नाशिककडचे, पण वऱ्हाडातल्या वस्त्यांमध्ये त्यांची गाणी पाठ आहेत. "वामनदादांची गातो, थोडी स्वतःची हायेत," असं वाक्य कानावर पडलं की तो कुठं उभा आहे ते समजतं. पुढं तो अंग सांगतो. कव्वालीच्या अंगानं म्हणजे टाळ्या, बेंजो, ढोलकीची चढती लय आणि एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा येणं. अकोला, बाळापूर, अचलपूर या भागात दर्ग्यांच्या उरुसातली कव्वाली शेजारीच ऐकू येते, त्यामुळं ते अंग इथल्या गळ्यात सहज उतरलं आहे. गाण्याच्या शेवटी कवीचं नाव गुंफलेलं असलं की श्रोता ते ओठांवर घेतो. तुकडोजींच्या भजनातला 'तुकड्यादास' जे काम करतो, तेच काम 'वामन' इथं करतो. दोन्हींकडं गायक स्वतःला मागं ठेवून कवीला पुढं करतो. भीमगीताच्या गायकाला लोक 'महाराज' म्हणत नाहीत, 'दादा' किंवा 'शाहीर' म्हणतात, आणि त्याला तेच हवं असतं.

गझल गाणाऱ्याला मात्र "कार्यक्रम कायचा आहे?" हा प्रश्न विचारावासा वाटत नाही. त्याला एकच गोष्ट हवी असते, श्रोते बसलेले हवेत. जेवणाच्या पंगती उठत असताना गझल गायची नाही, हे तो आधी सांगतो. सुरेश भट १५ एप्रिल १९३२ ला अमरावतीत जन्मले, 'रूपगंधा', 'रंग माझा वेगळा', 'एल्गार' या संग्रहांनी मराठी गझल उभी राहिली, आणि 'गझलेची बाराखडी' लिहून त्यांनी नव्यांना वृत्त-काफियाचे नियम हाती दिले. अमरावती जिल्ह्यातल्याच आष्टगावच्या भीमराव पांचाळे यांनी त्या गझलेला गळा दिला आणि आयुष्यभर "मी मराठी गझल गातो" एवढीच ओळख ठेवली. राज्य शासनाचा गानसम्राज्ञी लता मंगेशकर पुरस्कार त्यांना मिळाला. त्यामागं हा एकमार्गीपणा आहे असं मी मानतो. गल्लीबोळातल्या तरुण गायकांनी त्यांच्याकडून गळ्याआधी हा निर्धार घ्यावा. शेर कुठं थांबवायचा, दुसऱ्या ओळीआधी किती वेळ श्रोत्याला झुलवायचं, हे त्यानंतर शिकता येतं.

राहिला ट्रॅकवर, म्हणजे आधी मुद्रित केलेल्या साथीवर, गाणारा. लग्नघरी, हॉटेलात, सेवानिवृत्तीच्या सभागृहात स्पीकर, मोबाइल आणि माइक घेऊन तो एकटा दोन तास काढतो. त्याची ओळख दुसऱ्या गायकाच्या नावानं होते, रफी किंवा किशोर किंवा मुकेश. अलीकडच्या पोरांच्या तोंडी 'अनप्लग्ड' आणि 'सूफी' हे शब्द आले आहेत. या कामाला कमी लेखणं मला पटत नाही. वाजवणाऱ्यांना पैसे देण्याइतकी बिदागी मिळेनाशी झाली तेव्हा माणसं ट्रॅककडं वळली. पण ट्रॅक थांबत नाही. नवरदेवाचे वडील डोळे पुसत असतील तर खंजिरीवाला कडवं पुन्हा घेऊ शकतो. ट्रॅकवाला पुढच्या कडव्याकडं ओढला जातो. म्हणूनच 'सगळं गातो' ही पाटी मला सर्वांत जास्त इथंच खटकते. ज्याला सगळं येतं असं तो सांगतो, त्याच्याकडं गर्दी भरून काढायला माणूस हवा असतो तेव्हाच लोक येतात. "जुनी हिंदी गाणी, १९५० ते १९७५, जास्तीत जास्त दोन तास, डीजेचं काम करत नाही," असं सांगणारा याच भागात टिकलेला मी पाहिला आहे.

ही ओळख कागदावर नीट न उतरल्याचा तोटा शेवटी उतारवयात होतो. ज्येष्ठ कलावंतांना मानधन देण्याची राज्य शासनाची योजना १९५४-५५ पासून आहे. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा श्रेणींप्रमाणं कमी-अधिक रक्कम मिळे. २०२४ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं ती सरसकट महिना ५००० रुपये झाली. अर्जात कलाप्रकार लिहावा लागतो, किती वर्षं काम केलं ते दाखवावं लागतं, पत्रकं, कात्रणं, प्रमाणपत्रं जोडावी लागतात. आकाशवाणीच्या चाचणीतून गेलेल्याकडं श्रेणीचा कागद असतो, गांधर्व महाविद्यालयाची परीक्षा दिलेल्याकडं 'विशारद'चा. किंगरी वाजवत भरथरीची कथा गाणाऱ्या नाथजोग्याकडं, चाळीस वर्षं तेरवीची भजनं म्हणणाऱ्या म्हाताऱ्याकडं यातलं काही नसतं. कलाप्रकाराच्या रकान्यात त्याच्यासाठी दुसरा कोणी 'भजन' असा एक शब्द लिहून देतो. त्या शब्दात ना त्याची खंजिरी दिसते, ना वही, ना त्यानं स्वतः बांधलेल्या चाली.

खंजिरी भजन स्पर्धा भरवणाऱ्यांना, सप्ताहाच्या कमिट्यांना, जयंती उत्सवाच्या मंडळांना माझी विनंती आहे. पत्रक छापताना गायकाच्या नावाखाली दोन ओळी जास्तीच्या द्या आणि त्या त्याच्याच तोंडून घ्या. उदाहरणार्थ : "कातड्याची खंजिरी, पट्टी काळी दोन. राष्ट्रसंतांची मराठी-हिंदी भजनं आणि स्वतः बांधलेल्या चाली. साथीला ढोलकी. माइकशिवाय गातात. सिनेमाची गाणी म्हणत नाहीत." खाली गावाचं नाव आणि तारीख. असं पत्रक फाइलला लावून ठेवलं, तर पंधरा-वीस वर्षांनी मानधनाच्या अर्जाला जोडायला तेच उपयोगी पडेल.