उत्तराची पारख: रिद्धपूर ते संख्याशास्त्र

मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात फळगळ सुरू झाली की शेतकरी एकच प्रश्न चार जाणत्यांना विचारतो. एक जण बुरशी सांगतो, दुसरा अन्नद्रव्यांची कमतरता, तिसरा फळातला रस शोषणारा पतंग. प्रत्येकाचा उपाय निराळा, खर्चही निराळा. चुकीचे उत्तर निवडले तर बहार जातो. म्हणून उत्तरे मिळवण्याइतकीच त्यांची पारख करणेही महत्त्वाचे, आणि त्या पारखीचे स्वतःचे शास्त्र आहे.

याच मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी अशाच एका कामाला हात घातला. आपल्या पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी त्यांना लिहून ठेवायच्या होत्या. ज्यांनी प्रसंग पाहिला, बोलणे ऐकले, अशा माणसांना गाठून त्यांनी एकेक लीळा जमवली आणि पंथप्रमुख नागदेवाचार्यांकडून ती तपासून घेतली. १२७८च्या सुमारास त्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. पुढे चौदाव्या शतकातल्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा जुळवला. आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा वेगळा पाठ ‘वासना’ म्हणून नोंदवला गेला, अनेकदा सांगणाऱ्याच्या नावासह. सांगणारा कोण, तपासणारा कोण आणि मतभेद कुठे, हे वाचणाऱ्याला कळण्याची सोय त्यात होती.

अनेकांची मते जमवून त्यांची पारख कशी करावी, हे आधुनिक संशोधनानेही तपासले आहे. १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात लोकांनी एका बैलाच्या मांसाच्या वजनाचा अंदाज चिठ्ठ्यांवर लिहिला. फ्रान्सिस गाल्टन यांनी अशा ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज १,२०७ पौंड निघाला, खरे वजन १,१९८ पौंडांच्या आसपास होते. गर्दी इतकी अचूक ठरली, कारण प्रत्येकाने आपापले मत लिहिले होते. २०११ साली झुरिकमधल्या १४४ विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगात मात्र एकमेकांचे अंदाज दाखवले गेले. मते जवळ आली, आत्मविश्वास वाढला, पण एकत्रित अंदाज अधिक अचूक झाला नाही. चावडीवर पहिला जो बोलतो त्याच्यामागे माना डोलतात, तेव्हा दहा माना म्हणजे दहा मते नसतात.

मते स्वतंत्र असली तरी ती किती आहेत, हे पाहावे लागते. एका सल्ल्याबद्दल दोघांना विचारले आणि दोघेही ‘उपयोगी’ म्हणाले. दुसऱ्याबद्दल १०० जणांना विचारले आणि ९० जण तसे म्हणाले. टक्केवारीत पहिला सल्ला पुढे दिसतो. एडविन विल्सन यांनी १९२७ साली मांडलेल्या सूत्राने खऱ्या प्रमाणाची ९५ टक्के खात्रीची खालची मर्यादा काढली, तर पहिल्याची सुमारे ३४ टक्के येते आणि दुसऱ्याची सुमारे ८३ टक्के. थोड्या मतांवर मोठा विश्वास टाकू नये, हे त्यातून आकड्यात कळते.

परीक्षकांचीही परीक्षा करावी लागते. समजा, दोन कृषितज्ज्ञांनी फळगळीवरची उत्तरे स्वतंत्रपणे तपासली आणि दोघांनीही ९० टक्के उत्तरांना ‘चांगले’ म्हटले. उत्तरे न वाचता त्याच प्रमाणात नुसते शिक्के मारले असते तरी त्यांचे ८२ टक्के ठिकाणी एकमत झाले असते. जेकब कोहेन यांचा १९६० मधला ‘कप्पा’ हा निर्देशांक असे योगायोगाचे एकमत वजा करून उरलेले खरे एकमत मोजतो. कप्पा शून्याजवळ असेल, तर परीक्षकांना निकष स्पष्ट सांगितलेले नसतील किंवा प्रश्नच वादाचा असेल. दुसऱ्या स्थितीत सरासरी काढून मतभेद पुसला, तर महत्त्वाची माहितीच पुसली जाते. एका बागेत बुरशी असेल, दुसरीत पतंग असेल; तिथे दोन्ही तज्ज्ञ बरोबर असू शकतात.

आज संगणकही मराठीत उत्तरे देतो. त्यांची पारख करायला मराठी आणि विषय दोन्ही जाणणारी माणसे लागतील. रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. हे काम तिथे व्हावे आणि त्याला हीच शिस्त असावी: उत्तराचा आधार विचारावा, परीक्षकांनी वेगवेगळे बसून तपासावे आणि ज्यांचे मत मान्य झाले नाही त्यांचेही म्हणणे कारणासह नोंदवावे. ज्याच्या बागेचा बहार त्या उत्तरावर अवलंबून आहे, त्याला गुणांच्या आकड्याबरोबर तो आकडा कसा ठरला हेही कळायला हवे.