घग्गरच्या कोरड्या पात्राखाली

बोअर घेण्याआधी रानात खुंट्या ठोकून, वायरी पसरून ‘पाणी बघणारे’ लोक आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ओळखीचे आहेत. तीच पद्धत हडप्पा संस्कृतीच्या एका जुन्या वादातही कामाला आली: तिची नगरं वाहत्या मोठ्या नदीकाठी वसली होती का?

राजस्थानातल्या हनुमानगढ जिल्ह्यात कालीबंगन आहे. १९६०च्या दशकात बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन झालं. तटबंदी निघाली, नांगरलेल्या शेताच्या सऱ्यासुद्धा निघाल्या. एवढं नांदतं नगर ज्या घग्गरच्या काठी वसलं, ती आज पावसाळ्यापुरती वाहते. उपग्रहाच्या चित्रांत तिचं जुनं रुंद पात्र पट्ट्यासारखं दिसतं. पण चित्रात दिसतो तो वरचा थर, खाली काय आहे ते कळत नाही.

म्हणून वीज. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये व्होल्टेज मोजायचं. बाहेरच्या खुंट्या जितक्या लांब न्याव्यात, तितका प्रवाह खोल उतरतो. चिकणमाती विजेला सहज वाट देते. गोड्या पाण्याने भरलेली वाळू तिच्याहून जास्त अडवते, कोरडी वाळू तर फारच. आकड्यांच्या या चढउतारावरून थरांचा अंदाज बांधतात.

आयआयटी कानपूरचे राजीव सिन्हा आणि सहकाऱ्यांनी पंजाब, हरियाणा आणि उत्तर राजस्थानात अशी मोजणी केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार त्या पट्ट्याखाली वाळूचा जाड, दूरवर पसरलेला थर आहे. आजच्या घग्गरीने एवढी वाळू आणणं अवघडच. हे काम मोठ्या नदीचं.

आता खरी मेख. भूजल खारं असेल तर वाळूही चिकणमातीसारखी ‘बोलते’. शिवाय जास्त रोध असलेला पातळ थर आणि कमी रोध असलेला जाड थर यांचे आलेख जवळपास सारखे येऊ शकतात. आणि वाळू केव्हा साचली, हे तर वीज सांगूच शकत नाही. त्यासाठी भोक पाडून गाळाचे नमुने काढावे लागतात आणि वाळूच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला, ते प्रयोगशाळेत मोजावं लागतं.

सिन्हा यांच्याच चमूने, अजित सिंग आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे संजीव गुप्ता यांच्यासह, ते केलं. २०१७ साली निष्कर्ष आला: खालची वाळू हिमालयातली, सतलजची, पण सतलज सुमारे १५,००० ते ८,००० वर्षांपूर्वीच्या काळात इथून दूर सरकली. कालीबंगन वसलं ते त्यानंतर कितीतरी शतकांनी, सोडून दिलेल्या खोऱ्यात. महापुराची धास्ती नसलेली जागा म्हणूनच ती लोकांना मानवली असावी, हा त्यांचा तर्क मला पटतो.

सगळ्यांना तो पटलेला नाही. २०१९ साली अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी मांडलं, की सुमारे ९,००० ते ४,५०० वर्षांपूर्वी घग्गर पुन्हा बारमाही झाली होती. म्हणजे वाद आता वाळू आहे की नाही याचा उरलेला नाही, तिच्या वयाचा आहे. तेव्हा घग्गरच्या या पात्राबद्दल ‘सरस्वती सापडली’ अशी बातमी वाचलीत, तर नमुने कुठून काढले आणि त्यांचं वय कसं ठरवलं, एवढं जरूर शोधा.