कपबशांचे पुनरागमन

गेल्या दिवाळीत सौ.चे श्रम वाचवण्याचा मी निश्चय केला. फराळाला येणाऱ्यांची वर्दळ मोठी. कपबशा विसळता विसळता बिचारीची पाठ भरून येते. तेव्हा मोठ्या ऐटीत कागदी पेल्यांची चळत घेऊन आलो. प्लास्टिक नको, कागद बरा, एवढा विवेकही त्यात होताच!

भाऊबीजेला भाची आली. ती रसायनशास्त्र शिकते. चहाचा पेला निरखीत म्हणाली, “मामा, हा नुसता कागद असता, तर चहा एव्हाना तुमच्या लेंग्यावर असता!” आणि भिजलेल्या पेल्याच्या आतून तिने एक पातळ पापुद्रा सोलून दाखवला. तो प्लास्टिकचा होता!

मग मी वाचू लागलो. खरगपूरच्या आय. आय. टी.तील संशोधकांनी २०२० साली अशाच पेल्यांची परीक्षा घेतली. ८५ ते ९० अंश सेल्सियसचे १०० मिलिलीटर पाणी पंधरा मिनिटे ठेवले, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,000 सूक्ष्म कण उतरले. दिवसाला तीन पेले म्हणजे पाऊण लाख कण!

हे कण जातात कुठे? २०२२ साली नेदरलँड्समध्ये २२ जणांचे रक्त तपासले. १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक निघाले. २०२४ साली इटलीतील डॉक्टरांनी मानेच्या रोहिणीतून काढलेला मेदाचा थर तपासला. २५७ रुग्णांपैकी १५० जणांत पॉलिएथिलीन सापडले. पुढे सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका त्यांच्यात साडेचारपट आढळला. प्लास्टिकनेच हे घडवले, असे त्यावरून सिद्ध होत नाही, हे त्या डॉक्टरांनीच सांगितले आहे. पण वाचकहो, पुरावा पुरा होईपर्यंत पेले रिचवीतच राहायचे काय? उष्णतेने प्लास्टिक कण सोडते, एवढे कळले तरी गृहस्थाला पुरे आहे. गरम आमटी स्टीलच्या डब्यात, चहा काचेच्या वा चिनी मातीच्या पेल्यात, यात कसला आलाय खर्च?

राहता राहिले सौ.चे श्रम. मी अडचण मांडताच ती शांतपणे म्हणाली, “अहो, हात तुम्हालाही आहेत!”

तेव्हा यंदा फराळाला अवश्य या. चहा कपबशीतच मिळेल. कान तुटलेला कप दिसला, तर मात्र तो कोणी विसळला, हे विचारू नका!